एकाच इयत्तेत

मकरंद कुंभोजकर आंघोळ करून स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबलावर सात ताटल्या मांडलेल्या होत्या. घरात माणसं तीन: तो, त्याची बायको केतकी आणि साडेपाच वर्षांची शाल्मली.

"कोणी यायचंय का नाश्त्याला?" त्याने विचारलं.

"नाही. का?"

"मग एवढ्या ताटल्या?"

केतकीने ताटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जास्त झाल्या का?"

ती थट्टा करत असेल असं समजून तो हसला. ती हसली नाही.

तरीही ती कामावर गेली. सांगलीच्या पूर नियंत्रण कक्षात ती अभियंता होती. कृष्णेच्या आणि वारणेच्या पात्रात जागोजागी बसवलेली उपकरणं पाण्याची पातळी पाठवत राहत, यंत्र त्यावरून संध्याकाळपर्यंत पाणी किती चढेल याचा अंदाज बांधी आणि केतकी त्या अंदाजावर सही करी. सही माणसाचीच हवी असा कायदा होता. यंत्र शंभरदा बरोबर सांगून एखाद्या वेळी भलतंच काही सांगे, आणि ते भलतं आहे हे ओळखायला आकड्याचं वजन कळणारं कोणीतरी लागे. केतकीला ते कळायचं. चुकीचा आकडा तिला डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा खुपायचा.

त्या सकाळी पडद्यावर दोन पातळ्या होत्या, पाचशे चौतीस आणि पाचशे एकोणचाळीस. दोन्ही आकडे तिला वाचता आले. त्यांतला मोठा कोणता, ते मात्र कळेना. तिने पुन्हा वाचले. मोठ्याने वाचले. मग खुर्ची मागे सरकवून शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली, "माझं काहीतरी बिघडलंय. मला सही करू देऊ नका."

मिरजेच्या रुग्णालयात निदान झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडं मागे, रक्ताची बारीकशी गाठ अडकली होती. गाठ औषधाने विरघळली, पण तेवढ्या वेळात नखाएवढा भाग निकामी झाला होता. तिची वाचा शाबूत होती, स्मरण शाबूत होतं, माणसांचे चेहरे, गाण्यांच्या चाली, स्वयंपाक, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त 'किती' हा प्रश्न तिच्यापुरता नाहीसा झाला होता.

"कॅल्क्युलेटर आहे की," मकरंद म्हणाला. तो गुरांचा डॉक्टर होता, आणि पायाने अधू झालेल्या गाईलाही काहीतरी आधार देऊन उभी करायची त्याला सवय होती.

"आहे ना," केतकी म्हणाली. "पण तो बारा म्हणाला काय आणि बाराशे म्हणाला काय, मला सारखंच. त्याला काय विचारायचं तेच मला कळत नाही."

*

डॉ. नसीमा मुजावर मेंदूवर काम करत. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी केतकीला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सात पंचे?"

"पस्तीस," केतकी लगेच म्हणाली. मकरंदचा चेहरा उजळला.

"पस्तीस म्हणजे किती?"

केतकीने खोलीभर नजर फिरवली. पस्तीस माणसं या खोलीत मावतील की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं.

"पाढे तुमच्या तोंडात आहेत, गाण्यासारखे," डॉक्टर म्हणाल्या. "ते भाषेच्या भागात राहतात, म्हणून वाचले. जे गेलंय ते पाढ्यांच्या खालचं आहे. लहान मूल वाटीतले दाणे उचलता उचलता जे मिळवतं, ते."

मग त्यांनी उपाय समजावून सांगितला. लहानपणी मेंदूतल्या पेशींचे जोड सहज जुळतात आणि सहज सुटतात. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की त्या भागातल्या काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनं यांची एक जाळी विणली जाते. ती जोडांना धरून ठेवते. मोठं माणूस चालायला विसरत नाही ते या जाळीमुळे, आणि मोठ्या माणसाला नवी भाषा मुलासारखी येत नाही तीही या जाळीमुळेच. अलीकडे एक विकर सापडलं होतं, म्हणजे शरीरातली रसायनं तोडणारं प्रथिन. ते ही जाळी विरघळवतं. ते शिरेतून द्यायचं आणि बाहेरून ध्वनिलहरींचा झोत नेमक्या नखाएवढ्या जागेवर धरायचा. तेवढ्याच जागी रक्तवाहिनीची भिंत ते विकर आत सोडते. निकामी भागाच्या कडेच्या पेशी मग पुन्हा पाच वर्षांच्या मुलासारख्या होतात आणि हरवलेलं काम नव्याने शिकू शकतात. रुग्णालयात सगळे त्याला 'सैल करायचं इंजेक्शन' म्हणत.

"काही आठवड्यांनी जाळी पुन्हा विणली जाते," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढी मुदत. दुसऱ्यांदा देता येत नाही, ज्यांना दिलं त्यांना आकडी यायला लागली. आणि केतकीताई, या मुदतीत जे शिकाल ते पक्कं होईल. चुकीचं शिकाल तर तेही."

"शिकवणार कोण? तुम्ही?"

"आम्हीच शिकवायचो आधी. जमलं नाही. शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर असतं. रुग्ण दाणे मोजत नाही, आमचा चेहरा वाचतो. हात योग्य ढिगाकडे गेला की आमच्या भुवया हलतात, आम्हाला न कळत. ज्याच्या चेहऱ्यावर उत्तर नाही असं माणूस लागतं. त्याच पायरीवर असलेलं, स्वतःच चाचपडणारं, आणि आपल्याला पटल्याशिवाय 'हो' न म्हणणारं. घरात लहान मूल आहे ना तुमच्या?"

*

इंजेक्शननंतर पहिले काही दिवस केतकी घरात नुसती फिरत होती. हात स्वस्थ राहत नव्हते. ती नळाच्या चाव्या फिरवून पाही, उशीचे अभ्रे काढी, घाली, गॅलरीच्या गजांवरून बोटं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. झोप तुटक झाली. डावं-उजवं गोंधळू लागलं. बोटांची जाण आणि संख्येची जाण मेंदूत शेजारी शेजारी राहते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि शेजारचं घरही थोडं हललं होतं. म्हणूनच पडद्यावरचे खेळ, चित्रं, काही चालणार नव्हतं. वस्तू हातात घेऊनच शिकायचं. आणि कोणी उत्तर सांगायचं नाही. घरात कोणीच नाही.

शाल्मलीला तर चंगळ वाटली. आई दिवसभर घरी, आणि वर फरशीवर मांडी घालून चिंचोके खेळायला तयार.

पहिल्या आठवड्यात एकदा शाल्मलीने चिंचोक्यांची एक ओळ लावली आणि तिच्याखाली शर्टाच्या बटणांची ओळ, प्रत्येक चिंचोक्याखाली एक बटण. "सारखे," ती म्हणाली. केतकीनेही मान डोलावली. मग शाल्मलीने चिंचोके लांब लांब पसरवले.

"आता चिंचोके जास्त," ती म्हणाली.

केतकीने पाहिलं. ओळ खरंच लांब झाली होती. "हो. जास्त," ती म्हणाली.

दारात उभा असलेला मकरंद हे ऐकत होता. काल-परवापर्यंत दोन जिल्ह्यांच्या पुराचा हिशोब करणारी त्याची बायको आणि त्याची मुलगी यांचं एकाच गोष्टीवर एकमत होत होतं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आत दोघी पुढे खेळत होत्या. केतकीला उगाच काहीतरी डाचत होतं. ती एकेक बटण उचलून पसरलेल्या चिंचोक्यांवर ठेवू लागली. एकावर एक. शेवटच्या चिंचोक्यावर शेवटचं बटण बसलं. हातात काही उरलं नाही, खालीही काही उघडं राहिलं नाही.

"शालू, नवे चिंचोके कुठून आले?"

"कुठूनच नाही. मी फक्त लांब केले."

"मग जास्त कसे झाले?"

दोघी त्या बटणं घातलेल्या चिंचोक्यांकडे बघत राहिल्या. मग शाल्मलीने सगळे चिंचोके एकत्र ढकलले, पुन्हा पसरले, गोल लावले, आडवे लावले, आणि दर वेळी केतकीने बटणं बसवून पाहिली. "सारखेच राहतात," शाल्मली पुटपुटली. "काही केलं तरी सारखेच." केतकीच्या अंगावर काटा आला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हे तिने या क्षणी, या हातांनी पाहिलं होतं.

*

यानंतर दोघी भराभर पुढे गेल्या. वाट्या चमच्यांना पुरतात का ते पाहिलं. उजवीकडून मोजलं काय, डावीकडून मोजलं काय, शेवट एकच येतो हे भांडून भांडून ठरवलं. झाडूच्या काड्या मोडून दहादहाच्या जुड्या बांधल्या. चूक शाल्मलीची असे तेव्हा केतकी हटकी, केतकीची असे तेव्हा शाल्मली. "असं कशावरून?" हे वाक्य घरात दिवसभर ऐकू येई.

एकदा मकरंदला राहवलं नाही. केतकी अंड्यांचा ट्रे समोर घेऊन बसली होती. एकेक अंड्याला बोट लावता लावता ती पुन्हा पुन्हा चुकत होती, पुन्हा सुरू करत होती, आणि तिचा गुडघा सारखा हलत होता. तिच्या कपाळावरचा घाम त्याला पाहवेना. शाल्मली शाळेत गेली होती. त्याने वाकून हळूच सांगितलं, "बारा आहेत, केतकी. बारा."

ती थांबली. "बारा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम निवला.

पण दुसऱ्या दिवसापासून ट्रेमध्ये काहीही ठेवलं तरी ती बाराच म्हणू लागली. चार लिंबं ठेवली, बारा. अर्धा ट्रे रिकामा, बारा. डॉ. मुजावरांनी ते पाहिलं आणि मकरंदला बाहेर बोलावलं.

"तुम्ही तिला उत्तर दिलंत. मेंदूने उत्तर ठेवून घेतलं आणि मोजणं फेकून दिलं. आता ते उखडायला मुदतीतले दिवस जाणार."

"तिची तडफड बघवत नाही, डॉक्टर."

"ती तडफड म्हणजेच शिकणं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नाही बघवत तर बाहेर जा."

तो बाहेर जाऊ लागला. संध्याकाळी गोठ्यांच्या फेऱ्या मुद्दाम लांबवू लागला. घरातली संध्याकाळ मायलेकींची झाली.

मुदत अर्धी सरली. केतकीला आता ढिगाकडे बघून अंदाज येई. बेरीज येई, वजाबाकी येई. पडद्यावरच्या त्या दोन पातळ्यांतली मोठी कोणती, हे तिला जुड्या मांडून सांगता आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून रडली. राहिला होता तो गुणाकार, आणि त्याच्यावर उभं असलेलं सगळं. तो आला की नियंत्रण कक्षाचं दार पुन्हा उघडणार होतं. न येता मुदत संपली तर नाही.

*

डॉक्टरांनी बाहुलीचे कपडे दिले होते. पोलकी तीन रंगांची, परकर चार रंगांचे. बाहुलीला किती वेगवेगळ्या प्रकारे सजवता येईल? एकेक जोडी करून ती फरशीवर मांडायची.

केतकी हाताला येईल ते पोलकं आणि येईल तो परकर उचलून जोड्या लावत होती. काही जोड्या दोनदा झाल्या, काही राहून गेल्या. ती सगळं मोडून पुन्हा सुरू करी. समोर शाल्मलीने लाल पोलकं घेतलं आणि त्याच्यासमोर चारही परकर ओळीने ठेवले. मग पिवळं पोलकं घेऊन त्याच्याखाली दुसरी ओळ लावायला सुरुवात केली. तिचा हात झरझर चालला होता. मध्येच तिने वर पाहिलं. आईचा पसारा पाहिला. मग तिने आपल्या ओळीतला एक परकर उचलला आणि भलतीकडे ठेवला. आणखी एक. ओळी विस्कटून गेल्या.

"मला पण नाही येत आई," ती म्हणाली. "किती अवघड आहे ना?"

केतकी तिच्याकडे बघत राहिली. इतके आठवडे तिने हा चेहरा दिवसभर पाहिला होता: जीभ दातांत धरलेली, भुवया आक्रसलेल्या, पुढे काय होणार ते माहीत नसलेला. आताचा चेहरा निराळा होता. तो गुळगुळीत होता आणि वाट बघत होता. अगदी डॉक्टरांसारखा, मकरंदसारखा. त्या चेहऱ्यावर उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाल्मलीला आणायला शाळेत जरा लवकर गेली. एका कोपऱ्यावर डावीकडे की उजवीकडे ते विसरली आणि एका पोरसवदा रिक्षावाल्याला विचारून पोचली. वर्गाच्या बाई, आवटीबाई, व्हरांड्यात भेटल्या.

"बरं झालं आलात. मी फोन करणारच होते," त्या म्हणाल्या. "शाल्मली वर्गात उत्तरंच देत नाही हल्ली. आधी सगळ्यांच्या पुढे असायची. आता हातात मणी दिले तर खेळत बसते, आणि मी जवळ गेले की मुद्दाम चुकवते."

"मुद्दाम?"

"काल मी तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, आईला अजून येत नाही ते. आईला आलं की मला येईल." आवटीबाई ओशाळल्यासारख्या हसल्या. "मला कळेना काय बोलावं."

परत येताना शाल्मली तिच्या बोटाला धरून उड्या मारत होती. केतकीला काही सुचत नव्हतं. ती वाटेतल्या प्रत्येक फाटकाला, प्रत्येक खांबाला हात लावत चालली होती.

*

"थोडेच दिवस उरलेत," मकरंद म्हणाला. शाल्मली शेजारी खेळायला गेली होती आणि दोघं स्वयंपाकघरात उभे होते. "ती पहिलीत आहे, केतकी. दोन महिने मागे राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे? नंतर भरून काढेल. तुझं नंतर नाही."

"दुसऱ्या कोणाचं मूल आणलं तर चालेल का, असं डॉक्टरांना विचारलं मी."

"मग?"

"जमेल म्हणाल्या. पण अनोळखी मुलाशी सूर जुळायला वेळ लागतो. तोवर मुदत संपते."

"मग झालं तर. त्याही हेच सांगतायत."

"त्या सांगत नाहीत. तुम्ही ठरवा म्हणाल्या." केतकी ओट्यावरची झाकणं उगाच या डब्यावरून त्या डब्यावर लावत होती. "माझी जाळी सैल केलीय, मकरंद. तिची मुळातच सैल आहे. आत्ता विणली जातेय. मी इथे गुणाकार शिकतेय आणि ती काय शिकतेय माहितेय? आई हवी असेल तर आपल्याला येऊ द्यायचं नाही. हे तिचं पक्कं झालं तर ते कुठल्या इंजेक्शनने सोडवायचं?"

"लहान आहे ती. विसरेल."

"मी कुठे काय विसरले लहानपणचं? गाठीने नेलं तेवढंच."

मकरंदने तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं. "तुझी नोकरी जाईल," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तू त्या कामासाठी जीव टाकायचीस. मी पाहिलंय. पुराच्या दिवसांत तू घरी यायचीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत काय असायचं ते मी पाहिलंय. ते सगळं सोडणार? एका संशयावरून?"

तो चुकीचं बोलत नव्हता. ती बाहेरच्या खोलीत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी फरशीवर बाहुलीचे कपडे पडले होते तिथे बसली.

शाल्मली आली तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"शालू, इथे बस. आज तू मला सांगायचंस."

"काय?"

"बाहुलीचं. तुला येतं ना?"

शाल्मलीने झटकन मान हलवली. "नाही येत."

"येतं. मला माहीत आहे. मी रागावले नाहीये."

"सांगायचं नसतं," शाल्मली म्हणाली. "डॉक्टरमावशी म्हणाल्या. बाबांनी सांगितलं म्हणून तुझं बारा झालं होतं. मी सांगितलं तर तुझं कायमचं बिघडेल. आणि मला आलं तर मग मी तुझ्याबरोबर नसणार. मला दुसऱ्या वर्गात घालतील."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मला माहितेय."

केतकीने तिला जवळ ओढलं. तिच्या केसांना शाळेच्या खडूचा वास येत होता. "हे बघ," ती म्हणाली, "वर्ग वेगळा झाला तरी घर एकच राहतं. मी कुठे जात नाही. आणि तुझ्या सांगण्याने माझं काही बिघडत नाही. मला बघायचंय तू कशी करतेस ते. मला खरंच बघायचंय."

शाल्मलीने तिच्या कुशीत तोंड खुपसलं. मग हळूच वळली आणि लाल पोलकं उचललं. त्याच्यासमोर चार परकर. पिवळं पोलकं, त्याच्याखाली पुन्हा चार. निळं, पुन्हा चार. "हे बघ, प्रत्येकाला चारच मिळतात," ती म्हणाली. पहिल्यांदा आवाज बारीक होता, मग तो मोठा होत गेला. "म्हणून मोजायला नको. चार, आणि चार, आणि चार. आणि आई, अजून एक पोलकं आलं ना, हिरवं, तर अजून एक ओळ. आणि एक परकर वाढला तर, थांब, तर प्रत्येक ओळीत एकेक वाढेल. म्हणजे परकर वाढवलेला जास्त फायद्याचा. नाही, थांब. पोलकं वाढवलं तर चार. परकर वाढवला तर तीन. पोलकंच." ती गुडघ्यांवर उभी राहिली होती. अडवून धरलेलं पाणी सुटावं तशी ती बोलत सुटली होती. बांगड्या आणल्या, टिकल्या आणल्या, बाहुलीला टिकलीही हवी, म्हणजे प्रत्येक जोडीचे पुन्हा तितके प्रकार. फरशी भरून गेली.

केतकी पहिल्या ओळीपर्यंत तिच्याबरोबर होती. दुसऱ्या ओळीपर्यंतही. त्यानंतर तिला काही कळलं नाही. लेकीचे हात चालत होते, तोंड चालत होतं, आणि ती प्रत्येक वाक्याबरोबर आणखी लांब जात होती. केतकी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिला आपल्या डोक्यात काहीतरी मिटत असल्यासारखं वाटलं. कदाचित तो भास असेल. तिने शाल्मलीला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चार परकर, तीन पोलकी मांडली आणि "बारा" म्हणाली. पाच परकर घेतले, तरी बाराच म्हणाली. एकेक जोडी मोजून पाहिल्यावर तिला समजलं: उत्तर राहिलं होतं, रीत बसली नव्हती.

तिने उरलेले दिवस एकटीने प्रयत्न केला. पहाटे उठून ती खडे मांडत बसे, ओळीखाली ओळ. शाल्मली उठली की खडे उचलून ठेवी, तिचा डबा भरी आणि "आज बाईंनी विचारलं तर लगेच हात वर करायचा" असं सांगून तिला पाठवी. शेवटच्या तपासणीला डॉ. मुजावरांनी ध्वनिलहरींचं चित्र पाहिलं आणि जाळी पूर्ण विणली गेल्याचं सांगितलं.

"बेरीज, वजाबाकी, लहानमोठं, अंदाज, हे सगळं पक्कं बसलंय," त्या म्हणाल्या. "गुणाकार नाही बसला."

"माहीत आहे," केतकी म्हणाली.

पुढे काही दिवस मकरंद तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिनेही त्याची समजूत घातली नाही.

*

नियंत्रण कक्षाने तिला सही करण्याचं काम दिलं नाही. देता येणार नव्हतं. ती फोनवर बसू लागली. पाणी चढणार असेल तर काठच्या गावांना कळवायचं काम. पलीकडून कोणी विचारी, "बाई, नक्की किती येणार?" तेव्हा ती आकडा वाचून दाखवी आणि मग, तो आकडा स्वतःला नीट कळावा म्हणूनच, विचारी, "तुमच्या घराला पायऱ्या किती? मागच्या वेळी कुठल्या पायरीला लागलं होतं?" आणि दोघं मिळून हिशोब लावत. काम तिला बरं वाटे. जुन्या कामाची हुरहूर मात्र कधी गेली नाही. पुराच्या दिवसांत सही करणाऱ्या तरुण मुलाच्या खुर्चीमागून जाताना ती पडद्याकडे न बघता जाई.

शाल्मली गणितात काही विशेष चमकली नाही. तिसरीत तिला नकला करायचं वेड लागलं, चौथीत पोहायचं. गणितात ती बऱ्यापैकी होती, इतकंच. एकदा तिची गुणपत्रिका बघताना मकरंद म्हणाला, "यासाठी?" आणि लगेच जीभ चावली.

"यासाठी नव्हतंच ते," केतकी म्हणाली.

शाल्मली पाचवीत गेली त्या उन्हाळ्यात त्यांनी न्हाणीघराची फरशी बदलायला काढली. मकरंदला गोठ्यावरून बोलावणं आलं, म्हणून मायलेकी दोघीच दुकानात गेल्या. दुकानदार मगदूम ओळखीचे होते. केतकीने घरून दोरीने मापं आणली होती. तिने नमुन्याच्या फरश्या मागून घेतल्या आणि दुकानाच्या मोकळ्या जागेत दोरीच्या कडेने एकेक मांडू लागली. एक ओळ झाली. दुसरीला सुरुवात केली. फरश्या संपल्या, तेव्हा पहिल्या ओळीतल्या उचलून तिसरीला लावल्या, आणि किती झाल्या ते हरवलं. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. ती पुन्हा पहिल्यापासून मांडू लागली.

"आई, राहू दे," शाल्मली म्हणाली. "तुला नाही जमणार असं. सरक जरा, मी करते."

मगदूम चपापले. "बाळ, आईला असं बोलतात का चारचौघांत?"

"बोलू द्या," केतकी म्हणाली. "खरं आहे ते."

तिला लागलं होतं. कान गरम झाले होते आणि मागच्या गिऱ्हाइकांकडे बघवत नव्हतं. पण त्याच वेळी तिला हलकंही वाटलं. मुलीने तिला सांभाळून घेतलं नव्हतं. तिला वाटलं ते ती बोलली होती, आणि त्यात तिला काही जड गेलं नव्हतं.

ती उठून बाजूला झाली. शाल्मलीने एक आडवी ओळ लावली, एक उभी लावली, बोटांनी मोजलं आणि मगदूमांना खोक्यांचा आकडा सांगितला. मग न्हाणीघराच्या दाराजवळचा कोनाडा आठवून ती थबकली.

"चुकलं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि खाली बसून पुन्हा मांडू लागली.